निळू-झुंबरच्या लग्नाचा फ्लेक्स

२९ मार्च

आज डोळ्यानं पाह्यलं. माहा भाऊ धम्मदीप, वय सत्तावीस, लॅबमधी टेक्निशियन, अर्ध्या मेहकरचं रक्त त्यानं काढलं असन, असा माणूस मोरीत बसून खेळण्याच्या जनावराले दात घासायच्या ब्रशनं धुऊन राह्यला होता.

मी दारात उभा. म्हणलं, "दादा, शाम्पू देऊ काय?"

"जाय बे," म्हणे. लाजला नाही, लपवलं नाही. लाजणाऱ्या माणसाची टर उडवाले मजा येते. याची काय उडवू?

खेळणं म्हणजे 'खुरगाव'. आम्ही लहान होतो तवा टीव्हीवर लागे, आन दुकानात चार-चार इंची प्लास्टिकचे जनावरं भेटत. खुरवाल्या जनावरायचं गाव. पांढरी घोडी झुंबर, तिच्या आयाळीत बारके आरसे. तिचा बाप सरदार घोडा, मिशीवाला. शेळी, बैल, म्हैस, सगळे कुंपणाच्या आत. आन एकटा निळू बाहेर. निळू म्हणजे रोही, पुस्तकातली नीलगाय. गावात काही गायब झालं का सगळे म्हणत, निळूनंच नेलं. कंपनीनं दुसऱ्याच वर्षी निळू बनवणं बंद केलं. बरोबर हाय. रोह्याचं खेळणं कोण घेईन? आमच्या इकडचा माणूस वावरात रोही दिसला का पहिले गोटा शोधते.

दादाजवळ तोच हाय. एक कान तुटेल. बारावी नापास मी, आन घरातला हुशार हा.

१ एप्रिल

दादाच्या मोबाईलमधून शोधून काढलं. असे येडे बह्याड अजून चाळीस हायेत. ग्रुपचं नाव 'खुरगावचे गावकरी'. मास्तर, नर्स, बँकवाला, दोन तलाठी. जुन्या जनावरायले नवा रंग मारतात, फोटो टाकतात. एका बाईनं काडीपेट्यायचं खुरगाव बसस्टँड बनवलं, लाल गाडीसकट. आन गोष्टी लिहितात! कंपनी बंद पडून जमाना झाला, हे आपले पुढचे भाग स्वतःच लिहून राह्यले.

मी बी घुसलो. नाव ठेवलं पायल, राहणार पुणे. पुण्याची म्हणलं का लोकं आधीच मान डोलवतात. ॲडमिन गणेश सर बुलढाण्याच्या शाळेत मास्तर हाय. मी लिहिलं, "नमस्कार, मला लहानपणापासून झुंबर फार आवडते." गणेश सर म्हणे, "वा! किती शुद्ध लिहिता ताई आपण."

हसून हसून माह्यं पोट दुखलं. आई म्हणे, "काऊन रे, काय झालं?" म्हणलं, "काही नाही, पुण्याले गेल्तो."

३ एप्रिल

तीन दिवसापासून ग्रुपवर एकच चालू हाय. निळू चोर होता का नाही. मोठे मोठे माणसं, घरी लेकरं असलेले, भांडून राह्यले. एक तलाठी म्हणे, "भाग अकरा पाहा, निळूच्या खुराचे ठसे गव्हात दिसतात." नर्स म्हणे, "ठसे दिसले म्हणून चोर काय? तो वाट चुकला असन." तलाठी म्हणे, "पंचनामा कुठं हाय?" अबे तो कार्टून हाय!

पायलनं बी काडी टाकली: "निळूचा स्वभावच तसा आहे, असे मला वाटते. कुंपण उगीच का घालतात?"

त्याच्यावर दादानं गोष्ट लिहिली. मोठी हाय, इथं उलसीक उतरवतो, वाचून हसाले कामी येईन. "निळू कुंपण ओलांडू शकते. त्याच्यासाठी ते कुंपण काहीच नाही. पण तो उडी मारत नाही. उडी मारून आत आलेल्याले लोकं घुसला म्हणतात. तो रोज संध्याकाळी फाटकासमोर येते आन उभा राह्यते. कोणी उघडलं त चालत जायचं हाय त्याले."

म्हणलं मार ना बे उडी. रोहीच हायेस ना.

खाली पुष्पांजली नावाच्या पोरीनं झुंबरच्या आवाजात उत्तर टाकलं: "कडी आतून हाय. मीच काढीन. घाई करू नको, वाजली त सरदार उठन." ही संग्रामपूरकडची, बाप मोठा कास्तकार, ग्रुपवर झुंबरची गोष्ट हीच लिहिते. चाळीस जणायनं रडके चेहरे टाकले. प्लास्टिकवर!

७ एप्रिल

ठरलं. आखाजीले, १९ तारखेले, निळू आन झुंबरचं लग्न. लहानपणी पोरी बाहुला-बाहुलीचं लावत, तसं. बुलढाण्याले गणेश सरच्या ओळखीचा हॉल घेतला हाय. दादा वरपक्ष, पुष्पांजली वधूपक्ष. गणेश सरनं कोणाले मांडव, कोणाले रुखवत वाटून देल्लं. पायलले विचारलं, "ताई, पुण्याहून येणे होईल का?" मी लिहिलं, "प्रयत्न करते, इकडे ट्रॅफिक फार असते."

संध्याकाळी दादा फोन घेऊन गच्चीवर गेला. हा रोजचाच तास-दोन तास त्या झुंबरवालीसंग. मी पाण्याच्या टाकीमागं बसलो.

दादा म्हणे, "पहिले आईले सांग. बापाले एकदम नको."

मंग म्हणे, "उन्हाळ्यातच उरकतो म्हणतात? अन त्यायनं तुह्यं दुसरीकडं जमवून टाकलं त?"

तिकडून ती काहीतरी बोलली. मंग म्हणे, "नाही, मी पळून-बिळून नेणार नाही. मी समोरून येईन."

एवढं रंगून बोलत होता जसं काही खरंच हाय. खेळण्याच्या घोडीच्या मायले काय सांगायचं? कार्टूनमधी झुंबरले माय होतीच कुठं? ह्या लोकायले खऱ्या पोरी भेटत नाहीत म्हणून घोड्यायचे संसार मांडतात.

मी लगेच पायल होऊन ग्रुपवर विचारलं, "झुंबरचे दुसरीकडे जमले आहे असे ऐकले. हे कोणत्या भागात आहे?"

कोणालेच माहीत नाही. सगळे जुने भाग शोधून राह्यले. पुष्पांजली ऑनलाईन होती, ते गायब झाली. दादा गच्चीवरून खाली आला, पांढरा पडेल. दोन घास खाल्ले आन उठला. आई म्हणे, "भाजी खारट झाली काय रे?"

मी म्हणलं, "घोडी रुसली त्याची."

१४ एप्रिल

मरणाचं काम. मी शिवमभाऊच्या फ्लेक्सच्या दुकानात डिझाईन करतो, आन जयंतीच्या आठवड्यात दुकानात मुंगीले बी जागा नसते. प्रत्येकाले आपला फोटो बाजूच्यापेक्षा मोठा पाह्यजे. एक जण म्हणे, माह्यं पोट कमी कर. म्हणलं, तुमचं पोट कमी केलं त मागचा झेंडा दिसन. संध्याकाळी मिरवणुकीत नाचलो. आई बी नाचली. दादा पाणी वाटून राह्यला होता, हातात मोबाईल.

१५ एप्रिल

डोक्यात बत्ती पेटली.

हे चाळीस लोकं चार भिंतीच्या आत घोडी लावून राह्यले. जगाले कुठं माहीत हाय? ते कळाले पाह्यजे. भर बसस्टँडसमोर.

जयंतीचा तुकडा उरला होता, आठ बाय सहा. शिवमभाऊ जेवाले गेल्ता. लग्नाचा साचा उघडला. वर 'शुभविवाह'. मधी लिहिलं, 'खुरगावचे चि. निळू व चि. सौ. कां. झुंबर'. दोघायचे फोटो वरच्या कोपऱ्यात, एकीकडं रोही, एकीकडं घोडी. खाली डावीकडं दादाचा फोटो, उजवीकडं पुष्पांजलीचा, ग्रुपवरून काढला. त्यायच्या खाली बारीक अक्षरात 'वरपक्ष, वय २७, अजून खेळण्यात रमणारे' आन 'वधूपक्ष, शिकूनसवरून असे'. शेवटी आखाजीची तारीख, आन 'आपले अगत्याचे येणे करावे, येताना आपापली जनावरे आणावी'.

लोकं हसून हसून लोळतीन.

तेवढ्यात शिवमभाऊ आला. वाचलं नाही, तो कधीच वाचत नाही. म्हणे, "अबे, तोंडं किती बारीक घेतली! लोकं अक्षर वाचत नाहीत रत्न्या, तोंड पाह्यतात. तोंड मोठं कर." मोठं केलं. दोघं जण मस्त दिसाले लागले. घोडी आन रोही कोपऱ्यात गेले.

१६ एप्रिल

बुलढाण्याले दुसऱ्यायचे फ्लेक्स पोचवाले जायचंच होतं. त्याच्यासंग हा बी नेला. बसस्टँडसमोर चौकट रिकामी होती, बांधून टाकला. समोर चहा घेत बसलो कोणी हसते काय पाह्याले. एक म्हातारा थांबला, पाह्यलं, म्हणे "जोडा चांगला हाय," आन गेला. दोन कॉलेजच्या पोरी आल्या, फोटो काढला, "किती गोड" म्हणे. हसलं कोणीच नाही. बुलढाण्याच्या लोकायले विनोद समजत नाही. उंचावर राह्यतात, हवा विरळ असन.

१७ एप्रिल

सकाळी दुकानात पोचलो त शिवमभाऊ म्हणे, "काय रे रत्न्या, भावाचं लग्न जमवलं आन पेढा नाही?"

"कोणाचं लग्न?"

"अबे, तूच छापला ना फ्लेक्स! बुलढाण्याचा माहा साडू सांगून राह्यला, लॅबवाल्या धम्मदीपचं लग्न हाय आखाजीले, पोरगी संग्रामपूरकडची, चौकात कोणीतरी वळखली म्हणे."

म्हणलं, "तो रोही हाय! रोही आन घोडी!"

"हाव, घोडी त प्रत्येकच लग्नाच्या फ्लेक्सवर असते," शिवमभाऊ म्हणे.

तिथं माह्या डोक्यात उजेड पडला. कोपऱ्यात पांढरी घोडी, वर शुभविवाह, खाली डावीकडं पोरगा, उजवीकडं पोरगी. या जिल्ह्यात अशा फ्लेक्सचा एकच अर्थ होते. निळू आन झुंबर म्हणजे घरची लाडाची नावं असतीन, असं समजले लोकं. शिकेलसवरेल जिल्हा, आन खालची ओळ कोणी वाचली नाही.

तेवढ्यात दादा आला. लॅबचा पांढरा कोट तसाच अंगात. ओरडला असता त बरं झालं असतं. दुकानाच्या मागं नेलं आन हळू बोलला.

"तू छापलं?"

"टवाळी केली. खेळण्याचं लग्न हाय, सांग ना सगळ्यायले."

"तिच्या गावचा माणूस काल तारखेले बुलढाण्याच्या कोर्टात आल्ता. त्यानं फोटो काढून तिच्या बापाले धाडला. तिचा फोन काढून घेतला रत्न. सकाळपासून बंद हाय."

"मंग सांग ना, पोरखेळ हाय म्हणून!"

"ते खेळण्याचं नव्हतं बे," दादा म्हणे. "दोन वर्षापासून नव्हतं."

घ्या. दोन वर्षं! दोन वर्षं हा माणूस तुटक्या कानाचं रोही तोंडासमोर धरून पोरीसंग बोलून राह्यला. कुंपण काय, फाटक काय, कडी काय. सरळ तोंडानं बोलायची हिंमत नाही, म्हणून जनावरायच्या तोंडी घातलं. आन चाळीस गावकरी रडके चेहरे टाकत बसले, एकाले बी समजलं नाही. टाकीमागं बसून सगळं ऐकणाऱ्याले बी नाही, ते जाऊ द्या.

दुपारच्या गाडीनं बुलढाण्याले गेलो, फ्लेक्स काढून आणला. वाईट-बिईट काही वाटलं नाही. आठ बाय सहाचा चांगला तुकडा, कायले वाया घालवा.

१८ एप्रिल

दुपारी दारात जीप थांबली. पांढरं धोतर, पांढरा शर्ट, मिशी. मले पहिल्यांदा सरदार घोडाच आठवला, काय करू. उत्तमराव वानखडे, पुष्पांजलीचा बाप. एकटाच आल्ता.

आई म्हणे, "या जी, बसा." पाणी देल्लं. त्यानं पेला हातात घेतला, इकडं तिकडं पाह्यलं, भिंतीवर बाबासाहेबायचा फोटो दिसला, आन पेला तसाच खाली ठेवला. आमचं आडनाव बी वानखडे. आडनावावरून त्याले वाटलं असन आपल्यातलेच हायेत, म्हणून एवढ्या दूर आला. माह्या डोक्यात लगेच दोन-चार वाक्यं आल्ते, पण दादानं पाह्यलं माह्याकडं.

"फ्लेक्स कोणं लावला?" उत्तमराव म्हणे.

"मी, काका." आन मंग मी जे सुरू झालो! फ्लेक्स आणून अंगणात पसरला, बारीक अक्षरं बोटानं दाखवली. आतून निळू आणला, त्याच्या हातात देल्ला. गावकरी, काडीपेट्यायचं बसस्टँड, पंचनामावाला तलाठी, सगळं सांगतलं. माणूस उलसा हसला बी. निळूले उलटा करून पाह्यलं.

"म्हणजे हा निळू? शिकेल माणसं असे धंदे करतात?"

"करतात काका. बह्याड हायेत सगळे."

"आन माह्या पोरीचं..."

"काहीच नाही काका. पोरखेळ."

त्याच्या छातीवरून धोंडा उतरल्यासारखं झालं. उठलाच होता तो. सांगतो, माह्या जिंदगीतली सगळ्यात भारी थाप होती, आन जवळपास खरीच होती. दोन मिनिटात जीप गेली असती. पोरीले फोन परत भेटला असता, हे दोघं अजून दोन वर्षं जनावरायसंग बोलत बसले असते.

तेवढ्यात दादा बोलला. "काका, तो लहान हाय, मले वाचवून राह्यला. फ्लेक्स टवाळी होती. पण फोटो बरोबर लागले. मले पुष्पांजलीसंग लग्न करायचं हाय. तिले बी. आम्ही तुमच्याजवळ यायचंच म्हणून राह्यलो होतो, तुम्ही आधी आले."

बह्याड! उघडलेलं दार हातानं लावून घेतलं!

उत्तमराव दादाकडं वळला. निळू अजून हातात. मंग म्हणे, "तुले भेव नाही वाटत?"

"वाटते," दादा म्हणे. "पण समोरूनच यायचं होतं."

उत्तमरावनं निळू खाटेवर ठेवला. फेकला नाही. "माही पोरगी उद्या बुलढाण्याले येत नाही," म्हणे, आन गेला. आई त्याच्या पाण्याच्या पेल्याकडं पाह्यत बसली. मंग तिनंच ते पाणी पेलं.

१९ एप्रिल

मी जाणार नव्हतो. आई म्हणे, "त्याच्यासंग कोणी त पाह्यजे." वरपक्षात मी आन आई. असं वऱ्हाड देवा.

हॉलमधी तीस-पस्तीस मोठे माणसं, खिशात जनावरं घेऊन. आईस्क्रीमच्या काड्यायचा मांडव. निळूले लॅबच्या पट्टीचा फेटा. रुखवतात बोटाएवढे लाडू. मी कोपऱ्यात उभा राहून एकेकाचं तोंड पाह्यत होतो, आन खरं सांगतो, येवढे येडे लोकं एका छताखाली मी निवडणुकीत बी नाही पाह्यले.

वेळ झाली. झुंबर नाही. झुंबर पुष्पांजलीजवळ.

गणेश सर म्हणे, "हरकत नाही. झुंबर सगळ्याजवळ हाय. एखादी उभी करू." लगेच पाच-सहा पांढऱ्या घोड्या टेबलावर आल्या. कंपनीनं त्या खंडीनं विकल्या होत्या.

दादा म्हणे, "नाही सर. थांबू उलसं."

"किती थांबायचं?"

"पाहू."

थांबले सगळे. लहान लाडूवर माश्या बसाले लागल्या. ज्या तलाठ्यानं निळूले चोर ठरवलं होतं, तो वारा घालत बसला. लोकायले आता समजाले लागलं होतं, एकमेकाकडं पाह्यत होते. नर्सबाई डोळे पुसून राह्यली होती. मी जिन्यात जाऊन उभा राह्यलो. आतमधी उकडत होतं.

खाली जीप थांबली.

पहिले एक बाई उतरली, नऊवारीवाली, हातात पर्स. मागून पुष्पांजली. फ्लेक्सवर दिसते त्याच्यापेक्षा बुटकी हाय. डोळे सुजेल. समोरच्या सीटवर उत्तमराव स्टिअरिंग धरून बसेल. उतरला नाही. काच वर केली.

पुष्पांजली जिना चढली आन मले पाहून थांबली. "तुम्हीच ना पायलताई?" म्हणे. "पुण्याची असून एकदा 'काऊन' लिहिलं होतं तुम्ही."

बाई म्हणजे तिची माय, मनकर्णाबाई. वर आली. खुर्ची देल्ली त बसली नाही. टेबलाकडं गेली, त्या पाच-सहा घोड्या हातानं बाजूले सारल्या. पर्समधून ब्लाउजपीसमधी गुंडाळेल झुंबर काढली आन मांडवात ठेवली, निळूजवळ. निळूकडं किती वेळ पाह्यलं.

"याचा कान?"

"लहानपणीच तुटला," दादा म्हणे.

"हं." मंग दादाकडं बी तसंच पाह्यलं, खालपासून वरपर्यंत. माह्या आईकडं पाह्यलं. आई उठली, दोघींनी हात जोडले. "ते वर येत नाहीत म्हणतात," मनकर्णाबाई म्हणे. "पण गाडी त्यायनंच आणली. रातभर झोपले नाहीत. तोंडावर सांगून टाकलं पोरानं, म्हणत होते."

गणेश सर घसा खाकरून म्हणे, "मंगलाष्टकं सुरू करू काय?"

बाईनं हातानंच त्यायले थांबवलं. आन एवढ्या शिकेल लोकायत कोणालेच विचारलं नाही, माह्याकडं वळली. मी दारात होतो, चप्पल बी काढली नव्हती.

"बाळा, तुमच्यात कसं लावतात?"

सगळा हॉल माह्याकडं पाहून राह्यला. माह्या तोंडाशी टवाळीच येत होती, आली नाही. म्हणलं, "काही नाही जी. उभं राह्यचं आन हात जोडायचे. बाकीची वंदना आई म्हणन."

बाईनं पर्स खुर्चीवर ठेवली, पदर नीट केला आन हात जोडून उभी राह्यली. चार इंची प्लास्टिकच्या रोह्यासमोर.

मी चप्पल काढली.